चंदी, तोबरा आणि धोतऱ्याचं बी: स्पर्धेच्या घोड्याचं खाणं कोकणात निर्धोक कसं ठेवायचं

एप्रिल-मे महिन्यात अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही गावातल्या कांडपाच्या गिरणीसमोर उभं राहिलं, की आधी ठसका लागतो. वर्षाचा मसाला कुटून घ्यायचे दिवस असतात. त्याच शेडमध्ये दुसऱ्या चक्कीवर हरभऱ्याचा भरडा निघतो आणि मिरचीची पूड त्यातही बसते. तो भरडा घरी येतो, भिजतो, तोबऱ्यात, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या खाण्याच्या पिशवीत पडतो आणि घोडा आवडीने खातो. किनाऱ्यावर पर्यटक फिरवणाऱ्या घोड्याला याने काही होत नाही. उडी मारणाऱ्या, टेंट पेगिंग (धावत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलणं) करणाऱ्या किंवा लांब पल्ल्याच्या स्पर्धेत धावणाऱ्या घोड्याची गोष्ट निराळी. मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिनमुळे असतो आणि हे द्रव्य निषिद्ध यादीत आहे. 2008 च्या ऑलिम्पिकमधल्या घोडेस्वारी स्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तिथे चार उडीचे घोडे याच द्रव्यामुळे बाद झाले आणि नॉर्वेच्या संघाचं कांस्यपदक गेलं. त्या प्रकरणात चर्चा मुख्यतः मलमांची झाली. पण लघवीत द्रव्य सापडलं की ते मलमातून आलं की भरड्यातून, हे प्रयोगशाळा विचारत नाही. ते सांगणं तुमच्याकडे लागतं.

म्हणून आधी नियम नीट समजून घ्या. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या म्हणजे एफईआयच्या यादीत दोन कप्पे आहेत. पहिल्यात बंदी घातलेली द्रव्यं, म्हणजे घोड्याच्या शरीरात कधीच असू नयेत अशी. दुसऱ्यात नियंत्रित औषधं, म्हणजे उपचारासाठी चालतील पण स्पर्धेच्या वेळी अंगात नकोत. यादीत नाव नसलं तरी रचना किंवा परिणाम सारखा असलेलं द्रव्य निषिद्धच धरतात. काही थोड्या द्रव्यांना मर्यादा ठरवून दिली आहे, बाकीच्यांना ‘सापडलं’ एवढंच पुरतं. जबाबदारी सर्वात आधी स्वाराची. मालक, मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, आणि डॉक्टर हेही नंतर ओढले जाऊ शकतात. पहिल्या कप्प्यातलं द्रव्य निघालं तर नेहमीची शिक्षा दोन वर्षांची बंदी. ती कमी करून घ्यायची असेल तर द्रव्य शरीरात कसं शिरलं हे स्वारानेच पटवून द्यावं लागतं. ‘आम्ही काही दिलं नाही’ एवढ्याने भागत नाही. आज प्रयोगशाळा नॅनोग्रॅममध्ये मोजतात, आणि नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. बादलीच्या कडेला चिकटलेली पूड इतक्या बारीक मापात दिसते.

कुठल्या मालातून काय येतं

सर्वात आधी धोतरा. कोकणात तो उकिरड्याकडेला असतो, घाटावर ज्वारी-बाजरी आणि सोयाबीनच्या शेतात तण म्हणून उगवतो. काटेरी बोंड फुटलं की बी धान्यात मिसळतं. त्यात अॅट्रोपीन आणि हायोसीन असतं. झाड वाळलं तरी ही द्रव्यं टिकून राहतात, त्यामुळे वाळल्या वैरणीत आलेला धोतऱ्याचा डहाळा हिरव्याइतकाच त्रासाचा. थोड्या बियांनी फक्त चाचणी बिघडते. जास्त गेल्या तर तोंड कोरडं, डोळ्याची बाहुली मोठी, नाडी जलद आणि आतड्याची हालचाल मंदावून पोटशूळ. धडधाकट मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 असते. विश्रांतीत ती साठीच्या वर गेली आणि पोटाला कान लावून गुडगुड ऐकू येत नसेल तर डॉक्टर ताबडतोब. चाचणीची चिंता नंतर.

मॉर्फिन खसखशीतून आणि अफूच्या बोंडांच्या चुऱ्यातून येतं. इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीची, एलिझाबेथ यांची ‘एस्टिमेट’ ही घोडी 2014 मध्ये रॉयल अॅस्कॉटच्या गोल्ड कप शर्यतीत दुसरी आली. तिच्या नमुन्यात मॉर्फिन निघालं, दूषित खाद्याकडे बोट गेलं आणि घोडीचा दुसरा क्रमांक तरीही गेला. आपल्याकडे मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या काही भागांत परवान्याने अफू पिकते. त्या बाजूचा गव्हाचा भुसा स्वस्त मिळतो म्हणून घेताना गाव कुठलं ते विचारा. घरातली वाट याहून सोपी आहे. अनारशावर खसखस, करंजीच्या सारणात खसखस, आणि दिवाळीत तबेल्याकडे फराळाचं ताट जाणारच. दसऱ्याला पूजा करा, हार घाला, नैवेद्य मात्र मोतद्दाराला द्या.

कॅफीन आणि थिओब्रोमीन चहा, कॉफी, कोको यांतून येतं. कोकोच्या टरफलांचा चुरा जनावरांच्या मिश्र खाद्यात स्वस्त भर म्हणून वापरला जातो. थिओब्रोमीन लघवीतून कित्येक दिवस निघत राहतं. काशीद-मुरूडच्या किनाऱ्यावर मुलं घोड्याला चॉकलेट भरवतात, ते मालकाला गोडच वाटतं. उरलेल्या चहात बिस्किटं कालवून द्यायची सवयही जुनी आहे. स्पर्धेचा घोडा किनाऱ्यावर फेऱ्या मारत असेल तर त्याच्या मोरकीला ‘काही भरवू नका’ अशी पाटी लावा. लोक हसतील, पण वाचतील.

सुपारी आणि तंबाखू. श्रीवर्धनकडच्या वाडीत सुपारीची टरफलं आणि गळलेली फळं चाऱ्यात मिसळणं अवघड नाही. सुपारीतलं अॅरेकोलीन थेट मज्जासंस्थेवर काम करतं, एके काळी घोड्याला जुलाब म्हणून ते देत. तंबाखूतलं निकोटीनही त्याच जातीचं. गुटखा महाराष्ट्रात 2012 पासून बंद आहे, हे तबेल्याच्या भिंती पाहून कुणाला पटणार नाही. पिंक गव्हाणीजवळ पडली की घोडा चाटतो.

जव भिजवून मोड आणला तर त्यात हॉर्डेनीन तयार होतं, विशेषतः कोवळ्या मुळांत. ब्रुअरीतला ओला चोथा स्वस्त पडतो, पण तो मोड आलेल्या जवाचाच, म्हणून स्पर्धेच्या घोड्याला तो नको. समुद्री शेवाळाची पूड खनिजांसाठी विकतात, तिच्यात आर्सेनिक असू शकतं. आर्सेनिकला मर्यादा आहे, लघवीच्या मिलिलिटरमागे 0.3 मायक्रोग्रॅम. सॅलिसिलिक आम्ल घासात म्हणजे लसूणघासात नैसर्गिकच असतं. म्हणून त्याला लघवीत मिलिलिटरमागे 750 मायक्रोग्रॅमची ऐसपैस मुभा दिलेली आहे. घास खुशाल घाला.

औषधी वनस्पतींच्या टॉनिकबद्दल आमचं मत कडक आहे. सर्पगंधेत रेसर्पीन असतं आणि ते बंदीच्या कप्प्यातलं. तगरेच्या जातीतल्या व्हॅलेरियनचंही तेच. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ या शिक्क्याने घोडा वाचत नाही, धोतराही नैसर्गिकच आहे. घटकांची पूर्ण यादी, लॉट क्रमांक आणि त्या लॉटचा निषिद्ध द्रव्यांसाठीचा चाचणी अहवाल या तीन गोष्टी नसतील तर तो डबा विकत घेऊ नका.

उसाची मळी वेगळी सांगायला हवी. ऑक्टोबर 2020 मध्ये पॅरिसच्या आर्क द त्रिओंफ शर्यतीच्या आदल्या दिवशी आयर्लंडचे प्रशिक्षक एडन ओब्रायन यांचे चार घोडे मागे घ्यावे लागले. नामवंत खाद्यात झिल्पॅटेरॉल निघालं होतं. जनावरांचं मांस वाढवायला काही देशांत ते चालतं. तपासात बोट गेलं ते उसाच्या मळीकडे. कारखाना चांगला, पोतं नवं, सील शाबूत, आणि दोष एका घटकाबरोबर बाहेरून आलेला. मळी ज्या टँकरमधून येते त्यात आधी काय होतं हे आपल्याला कधीच कळत नाही. गोडी हवी असेल तर खाण्याचा गूळ घाला, दिवसाला 100 ते 150 ग्रॅम पुरतो.

माल घेताना

दोन-तीन पोती आज इथून, उद्या तिथून, असं केलं की काही सापडलं तरी मूळ शोधता येत नाही. एका व्यापाऱ्याकडून एकाच लॉटचा महिना-दीड महिन्याचा माल घ्या. 400 किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण 8 ते 10 किलो कोरडं खाणं लागतं. त्यात 2 ते 3 किलो दाणा धरला तर 45 दिवसांना 90 ते 135 किलो, म्हणजे 50 किलोची दोन-तीन पोती. हे एका लॉटमध्ये सहज बसतं. पावतीवर धान्याचं नाव, वजन आणि लॉट किंवा ट्रकची तारीख लिहून घ्या. व्यापारी कुरकुरतो, पण नेहमीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही.

तयार खाद्य घ्यायचं असेल तर गिरणीला तीन प्रश्न. घोड्याच्या खाद्यासाठी मशीन वेगळं आहे का? नसेल तर आमच्या आधी त्यावर काय निघालं? आणि मध्ये मशीन कशाने धुऊन काढलं? मिक्सरच्या तळाशी, एलिव्हेटरच्या बुडाशी आणि स्क्रूच्या कडेला आधीच्या मालाचा थर राहतो. तो नव्या मालाच्या पहिल्या काही पोत्यांत उतरतो. साधा भुसा किंवा कोंडा मधून फिरवून तो बाहेर काढतात, याला गिरणीवाले फ्लशिंग म्हणतात. तो भुसा कुणाच्याही पोत्यात गेला नाही ना, हेही विचारा.

यातली मोठी भीती डोपिंगची नाही. कोंबडीच्या खाद्यात मोनेन्सिन घालतात आणि काही ठिकाणी गुरांच्याही. कोंबडीला ते पचतं, घोड्याचं मात्र हृदय बंद पाडतं. शरीराच्या वजनाच्या किलोमागे 2 ते 3 मिलिग्रॅम गेलं तर निम्मे घोडे मरतात, म्हणजे 400 किलोच्या घोड्याला जेमतेम एक ग्रॅम. ब्रॉयलरच्या खाद्यात किलोमागे शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम असतं, पण मूळ पूड याच्या कितीतरी पट दाट असते आणि मिसळताना गोळा राहिला की तो नेमका एकाच पोत्यात सापडतो. रायगडात ज्या गिरणीवर पोल्ट्रीचा माल निघतो तिथे घोड्याचं खाद्य करू नका. या एका बाबतीत सवलत नाही.

निवडणं, चाळणं, पाखडणं

यंत्रं नसली तरी घरातलं सूप आणि चाळण पुरते. हरभऱ्याचा दाणा 6 ते 8 मिलिमीटरचा, धोतऱ्याचं बी 3 ते 5 मिलिमीटरचं आणि चपटं. 5 मिलिमीटर गोल भोकांच्या चाळणीत हरभरा वर राहतो, धोतरा बहुतेक खाली जातो. अडचण ओट आणि जव यांची. जवाच्या दाण्याची जाडी आणि धोतऱ्याच्या बियांची रुंदी जवळपास सारखी, चाळणीने वेगळं होत नाही. तिथे डोळाच लागतो.

पांढऱ्या स्टीलच्या परातीत किंवा जुन्या पांढऱ्या चादरीवर 200 ग्रॅम दाणा पातळ पसरा. सकाळच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही. धोतऱ्याच्या बियांची एक जात गडद तपकिरी-काळी, मूत्रपिंडासारखी वाकलेली, अंगावर बारीक खड्डे. दुसरी जात फिकट पिवळट-तपकिरी, कानाच्या पाळीसारखी. पोत्यामागे अशा पाच पराती बघा. एकही बी दिसलं तर त्या पोत्याचा सगळा दाणा निवडायला घ्या, आणि तीन-चार दिसली तर पोतं परत. बी हातात घेतल्यावर हात धुवा, डोळ्याला लावू नका.

वैरणीचं निवडणं याहून कंटाळवाणं आणि याहून गरजेचं. प्रत्येक गठ्ठा झाडून उघडा, जाड देठ, बोंड, अनोळखी पानं बाजूला काढा. भाताचा पेंढा या बाबतीत बराच निर्धोक, कारण धोतरा चिखलातल्या भातखाचरात रुजत नाही. तो बांधावर असतो, म्हणून बांधावरचं गवत कापताना काय कापलं जातंय याकडे लक्ष हवं. घाटावरचा कडबा येतो त्यात तणाचं प्रमाण जास्त असतं.

पोतं आणि गिरणी

जुनं पोतं म्हणजे दुसऱ्याच्या मालाची आठवण. मिरचीचं, चहाचं, सुपारीचं, पोल्ट्री खाद्याचं, सुक्या मासळीचं पोतं झटकलं, उन्हात टाकलं, तरी ताग धूळ सोडत नाही. घोड्याच्या दाण्याला नवी पोती घ्या किंवा झाकणाचे प्लास्टिकचे पिंप, आणि पिंपावर रंगाने ‘चंदी’ लिहा. पिंपात आधी कीटकनाशक किंवा फिनेल नसावं, हे वेगळं सांगायला लागू नये.

भरड्यासाठी मार्ग तीन. मसाला न कुटणारी गिरणी शोधा. ती नसेल तर आगोटीचा म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा भरडा मार्चअखेर, मसाल्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत काढून ठेवा. तेही जमत नसेल तर हरभरा भरडूच नका, आठ-दहा तास भिजवून अख्खाच द्या. घोड्याच्या दाढांना भिजलेला हरभरा जड नाही, आणि म्हाताऱ्या घोड्याला शिजवून देता येतो. यातला तिसरा मार्ग आम्हाला सर्वात पसंत.

पाऊस

कोकणात जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि हवेतला ओलावा पोत्यात चढतो. दमट दाण्याचं नुकसान दोन तऱ्हेचं. जव आपोआप मोडावतो, आणि हॉर्डेनीनचा विषय वर आलाच आहे. दुसरं, फ्युजॅरियम जातीची बुरशी झेरालेनोन नावाचं विष तयार करते आणि घोड्याच्या शरीरात त्याचं रूपांतर झेरानॉलमध्ये होतं. झेरानॉल हे वाढीसाठी वापरलं जाणारं संप्रेरक, निषिद्ध. कुणी काही दिलेलं नसताना नुसत्या बुरशीने हे नाव अहवालात उमटू शकतं.

दाण्याचा ओलावा 12-13 टक्क्यांच्या वर नको. मीटर नसेल तर मिठाची चाचणी करा. मीठ आधी तव्यावर कोरडं भाजून गार करा, कारण कोकणातलं उघडं मीठ पावसाळ्यात स्वतःच ओलं असतं. पाऊण लिटरच्या कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश दाणा, त्यावर दोन-तीन मोठे चमचे मीठ. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर, तो दाणा साठवू नका. चिकटलं नाही तर पावसाळ्याच्या बेगमीला हरकत नाही.

साठा माळ्यावर किंवा फळ्यांच्या मांडणीवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हातभर लांब. पेंढ्याची उडवी पडवीच्या वाऱ्याच्या बाजूला नको, तिथे झड येते. काळा-गुलाबी डाग किंवा कुबट वास आलेला भाग कापून उरलेलं द्यायची चूक करू नका, बुरशीचं विष डागाच्या पलीकडेही पसरलेलं असतं. जव भिजवायचा तर बारा तासांच्या आत द्या किंवा शिजवा. आषाढात चोवीस तासांत त्याला कोंब दिसू लागतात.

माणसं आणि औषधं

बाहेरच्या मालापेक्षा तबेल्यातच जास्त गोष्टी बिघडतात. एका घोड्याला फिनाइलब्युटाझोन या वेदनाशामकाची पूड भरड्यात कालवून दिली आणि त्याच बादलीत पुढच्याची चंदी कालवली, की दुसऱ्याच्या लघवीत ते औषध. म्हणून औषधाच्या घोड्याची बादली, कालथा आणि तोबरा लाल रंगाचे ठेवा. त्याला सर्वात शेवटी द्या. जमेल तेव्हा पूड खाण्यात न घालता पेस्ट थेट तोंडात द्या, म्हणजे गव्हाणीत काही सांडत नाही.

एफईआयने काही औषधांसाठी शोध-काल, म्हणजे औषध दिल्यावर ते चाचणीत किती वेळ सापडू शकतं तो काळ, जाहीर केलेले आहेत. फिनाइलब्युटाझोनला 168 तास, फ्लुनिक्सिन या दुसऱ्या वेदनाशामकाला 144. हे आकडे थोड्या घोड्यांवरून काढलेले असतात आणि ठाण स्वच्छ असल्याचं गृहीत धरतात. प्रत्यक्षात घोडा आपल्याच लघवीने भिजलेला पेंढा खातो आणि बाहेर टाकलेलं औषध परत पोटात घेतो. फ्लुनिक्सिन असं फिरत राहतं. म्हणून उपचार संपले की ठाण पूर्ण रिकामं करा. पेंढा जाळा किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाका, जमीन आणि गव्हाण धुवा, दोन दिवसांनी पुन्हा एकदा सगळा पेंढा बदला. शोध-कालावर किती दिवस वाढवायचे हे डॉक्टरने लिहून द्यावं, मोतद्दाराने अंदाजाने नाही.

आता नाजूक विषय. ठाणात माणसाने लघवी केली तर माणसाचं औषध घोड्याच्या पेंढ्यात जातं. पाठदुखीची गोळी, झोपेची गोळी, मनाच्या आजाराची गोळी, काहीही. याला उपाय दमदाटीचा नाही, जवळ चांगल्या संडासाचा आहे. जिथे तो दीडशे पावलांवर आणि पावसात चिखलातून आहे तिथे नियमाचा कागद भिंतीवर लावून काही होणार नाही.

मोतद्दाराने गुडघ्याला बाम किंवा डायक्लोफेनॅकची जेल लावली असेल तर चंदी कालवण्याआधी साबणाने हात धुणं, किंवा हातमोजे. बामात कापूर असतो आणि तोही यादीत आहे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक भारतात 2006 पासून गिधाडं वाचवण्यासाठी बंदच आहे. चिरगावच्या जंगलात गिधाडं जपणाऱ्या रायगडकरांना हे ठाऊक आहे, पण माणसाची जेल घोड्याच्या पायाला चोळणारे अजून भेटतात.

नमुना ठेवणं

एवढी काळजी घेऊनही काही निघालं तर हातात पुरावा एकच असतो, त्या दिवशी घोड्याने जे खाल्लं त्याचा राखलेला नमुना. निकाल यायला आठवडे जातात, तोवर पोतं संपलेलं असतं. प्रत्येक लॉट आला की पहिलं पोतं उघडायच्या दिवशीच हे करा.

1. हात धुऊन नवे हातमोजे घाला. पोत्यात खुपसून दाणा काढायची पोकळ सळी, म्हणजे व्यापाऱ्यांची परखी, धुऊन वाळवून घ्या.
2. सगळ्या पोत्यांतून, प्रत्येकात वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागांहून दाणा काढा. एकूण दोन-तीन किलो झाला पाहिजे.
3. नव्या प्लास्टिकवर ढीग करा, चपटा करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन परत पोत्यात टाका. उरलेले दोन एकत्र करून पुन्हा तेच. साधारण एक किलो उरेपर्यंत.
4. त्याचे अर्धा-अर्धा किलोचे दोन नमुने. एक कधी प्रयोगशाळेला गेला तर दुसरा शाबूत राहतो.
5. कोरड्या काचेच्या बरणीत भरा, सिलिका जेलची पुडी टाका, झाकणावरून कागदी पट्टी चिकटवा आणि पट्टीवर दोघांच्या सह्या घ्या. एक सही जवळच्या पशुवैद्यकाची मिळाली तर फारच उत्तम, घरच्यांच्या सहीवर चौकशी समिती फार विसंबत नाही.
6. चिठ्ठी आत एक, बाहेर एक. धान्य, लॉट, खरेदीची आणि नमुन्याची तारीख. पोत्यावरच्या लेबलाचा फोटो काढा.

वैरणीचा नमुना दहा-बारा गठ्ठ्यांमधून मूठमूठ घेऊन, बोटभर तुकडे करून, 250 ग्रॅम. तो ओलसर असेल तर प्लास्टिकमध्ये कोंबू नका, आठ दिवसांत बुरशी येऊन नमुनाच खोटा होतो. आधी कागदी पिशवीत घरात वाळू द्या, मग फ्रीजरमध्ये. टॉनिकच्या डब्यात शेवटचे 50 ग्रॅम आणि लेबल राखा. हे सगळं तबेल्यात ठेवू नका, घरात कपाटात ठेवा. सहा महिन्यांनी टाकून द्या.

जोडीला एक वही: तारीख, घोडा, काय दिलं, किती, कुठल्या लॉटमधून, कुणाच्या हातून. औषधाला वेगळं पान. पेन्सिलने लिहू नका.

स्पर्धेला निघताना

नवा लॉट, नवा घास, नवं टॉनिक स्पर्धेच्या आधीच्या दोन आठवड्यांत सुरू करू नका. पोटशूळही टळतो. मुंबईत महालक्ष्मीला, पुण्याला किंवा दिल्लीला निघालात तर दाणा आणि वैरण घरचीच न्या. पाच दिवसांना दिवसाला दहा किलोप्रमाणे 50 किलो, आणि एक दिवसाचं जास्त. बादल्याही घरच्या, कारण सार्वजनिक हौदात आधी कुणी काय धुतलं ते सांगता येत नाही.

मिळालेल्या ठाणात घोडा बांधण्याआधी अर्धा तास काढा. आधीचा पेंढा पूर्ण बाहेर, गव्हाण आणि भिंतीचा खालचा भाग साध्या पाण्याने धुवा, कोपऱ्यातल्या जाळ्या काढा. काही औषधं, उदाहरणार्थ आयसॉक्सुप्रिन, ठाणाच्या धुळीत आणि जाळ्यांत फार काळ राहतात, आणि कंटाळलेला घोडा भिंत चाटतो. चहाची टपरी ठाणाला लागून असेल तर जागा बदलून मागा. शेजारच्याने प्रेमाने दिलेला गाजरांचा ढीग हसून परत करा.

सापडलंच तर

नोटीस आली त्याच दिवशी तबेल्यातून एक काडीही बाहेर जाऊ देऊ नका. उरलेली पोती, बादल्या, टॉनिकचे डबे जिथे आहेत तिथे ठेवून फोटो काढा. ‘बी’ नमुन्याची, म्हणजे घोड्याच्या त्याच नमुन्याच्या राखून ठेवलेल्या दुसऱ्या भागाची तपासणी मागायची की नाही याची मुदत थोडी असते, ती नोटिशीतच वाचा आणि त्या आत लेखी कळवा. भारतीय अश्वारोहण महासंघाशी बोलणं स्वाराने करावं, मोतद्दाराला पुढे करू नये. राखलेली बरणी स्वतः उघडू नका. सील तोडायचं ते प्रयोगशाळेत, दोन्ही पक्षांच्या समोर. वही, पावत्या आणि डॉक्टरची चिठ्ठी यांच्या प्रती काढून मूळ कागद स्वतःकडे ठेवा. आणि त्याच लॉटचं खाणं तबेल्यातल्या बाकी घोड्यांना त्या दिवसापासून बंद करा, त्यांच्या स्पर्धा पुढच्या महिन्यात असल्या तरीही.